भिंतीवरचं बिननावाचं शहाणपण

पाथरीच्या नाक्यावर केरबा मिस्त्रीचा फोटो लावलाय. मोठा बॅनर. खाली लिहिलंय, 'गोरगरिबांचा आधार, देवमाणूस'. मी चौथी शिकलेला आहे, पण एवढं वाचता येतं. खाली उभा राहून दोनदा वाचलं आणि थुंकलो. बॅनरवर नाही, बाजूला. मेलेल्याचा मान ठेवायचं मला कळतं. पण देवमाणूस बिवमाणूस तो काही नव्हता. तीस वर्षं बघितलाय मी त्याला. खवचट, अडेल आणि आखडू माणूस.

दहाव्याला माझ्या हातात माईक दिला. तुमची जुनी ओळख, दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, चांगलं बोलावं असं माझ्याकडं काही नाही, आणि वाईट बोलायची ही जागा नाही. माईक परत दिला. लोक नाराज झाले. होऊ द्या. तिथं बोललो नाही ते इथं लिहितो.

सेलू रोडला लिंबाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज. माणूस उंच, पण मान कायम पुढं काढलेली, ओढ्यात बगळा उभा असतो तशी. लोक कानावर बिडी ठेवतात, हा खडू ठेवायचा. कुठला नट आवळला, कुठला राहिला, त्याची खूण करायला. सातवी पास होता, अक्षर चांगलं होतं, त्याचा माज वेगळा.

गॅरेजात बाक एकच. त्यावर ड्रायव्हर लोकांनी बसायचं. गाडीचा मालक आला, मग तो कितीबी मोठा शेतकरी असू दे, उभा. चहा आला की पहिला गाडी चालवणाऱ्याला, मग मालकाला, उरला तर. मी एकदा म्हटलं, "केरबा, बसायला तरी सांग." तर म्हणतो कसा, "मुंजाजीराव, जो दिवसभर बसून गाडी हाकतो त्याची कंबर दुखती. तुमची कशानं दुखायली?"

गाडी आली की दुसरे मिस्त्री बॉनेट उघडतात. हा उघडत नसे. आधी आत बसायचा, दहा पावलं गाडी न्यायचा आणि थांबवायचा. परत दहा पावलं, परत थांबवायचा. म्हणायचा, "पळती कशी ते शेंबडं पोरगंबी सांगतंय. थांबती कशी ते बघावं लागतंय."

माझी पहिली जीप मी त्याच्याकडं नेली तेव्हाची गोष्ट. गिअर टाकताना खरकन आवाज यायचा. बाकावर चार-पाच ड्रायव्हर बसलेले. ह्यानं दहा पावलं नेली, आणली, उतरला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी ठणठणीत हाय. चालवणारा बदला." सगळे खो खो हसले. त्या दिवशी जे बिनसलं ते बिनसलं. तरी मी त्याच्याकडं जात राहिलो, कारण पाथरीत ब्रेकचं काम त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं. हे मी कबूल करतो. ह्याच्या पुढं त्याच्याबद्दल चांगलं काही निघालं तर ते चुकून निघालं असं समजा.

आता त्याच्या भिंतीचं सांगतो, कारण सगळं वाकडं त्या भिंतीपायी आहे.

शेडची मागची भिंत विटांची होती. कुणी कंपनीच्या गाडीत आपली अक्कल घातली, मोठं काही बसवलं, काही कापलं, आणि ते जळलं, मोडलं, तर ती वस्तू केरबा त्या भिंतीवर तारेनं टांगायचा. खाली खडूनं लिहायचा, कुणाचं शहाणपण. सेलूच्या एका व्यापाऱ्यानं एवढ्याशा गाडीला ट्रकचे चार भोंगे लावले होते. वायर वितळून त्यांचा गोळा झाला. तो गोळा तिथं, 'सेलूच्या शेठजीचं शहाणपण'. मानवतच्या एका नवरदेवानं गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापल्या. मंगल कार्यालयासमोर स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. नवरदेवाला उतरवून वऱ्हाडानं गाडी उचलली. ती कापलेली स्प्रिंगबी तिथं.

चारठाण्याच्या एका गुरुजींचा फुटका सायलेन्सर होता. गुरुजी एकदा आले, हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, नाव तेवढं पुसा हो. शाळेतली पोरं हसायलीत."

"गुरुजी, 'माझं चुकलं' असं तुमीच म्हणलात का न्हाई?"

"म्हणलो."

"मंग? मालकानं कबूल केल्याबिगर मी खडू लावत न्हाई. अन् लावलेला पुसत न्हाई."

गुरुजी गेले. आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन गुरुजींना घेऊन आले, भिंत दाखवायला! असले लोक. मी मात्र मनाशी ठरवून ठेवलं होतं. ह्या भिंतीवर मुंजाजीचं नाव लागणार नाही. मेलो तरी नाही.

माझा मुलगा बालाजी. पाथरीत बी-खताचं दुकान आहे त्याचं. लहानपणापासून पळणाऱ्या गाडीचं वेड. चार वर्षांमागं त्यानं एक गाडी बघितली. चार दरवाजे, मागं डिक्की, अंगानं बुटकी, पण तोंडावळा शर्यतीच्या गाडीचा. तिचे दोन प्रकार होते. एक साधी आणि एक वरची. दिसायला बहिणी-बहिणी, पण वरची लय जोरात पळणारी. बालाजीच्या मनात वरची होती. तो केरबाला विचारायला गेला. मला न विचारता. मला कळलं तसा मीबी मागून गेलो.

बालाजी मोबाईल दाखवत होता. "केरबाकाका, ही साधी. अन् ही बी तीच, पण वरची."

"तीच कशी? तीच असती तर दोन कामून केल्या असत्या?"

मी म्हटलं, "लुटायला केल्या. इंजन तेच, सांगाडा तोच. साधी घ्यायची अन् तिला घरी तयार करायची. गोठ्यातला गोऱ्हा तयार करावा, बाजारातला पळता बैल आणू नये. त्याला कुणी काय चारलंय कुणाला ठावं."

केरबानं कानावरचा खडू काढला, बघितला, परत ठेवला. "गोऱ्हा वाढतो, मुंजाजीराव. अंगात जोर आला की त्याचं खूर वाढतंय, मान वाढती. लोखंड न्हाई वाढत. गाडीत एक चीज वाढवली की सतराजणाला बातमी पोचावी लागती. क्लचला, गिअरला, रेडिएटरला. कंपनीनं वरच्या गाडीत ती बातमी सगळ्याला दिलेली असती. तुमी घरी करचाल तर इंजनाला सांगचाल अन् ब्रेकला सांगायचं इसरचाल."

"मंग काय करू काका?"

"वरची घे. परवडंना तर साधी घे अन् साधीवाणी चालव. साधीला वरची करायला जाऊ नको. माणसाचंबी तसंच हाय."

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तीन एकरांवरून अकरा एकरांवर आलेला माणूस आहे. घाम गाळून आलोय. मला काय म्हणायचं होतं त्याला? मी तिथल्या तिथं सांगितलं, "बालाजी, साधीच येईल. मी जिता हाय तोवर घरात वरची येणार न्हाई."

बालाजीची वरची घ्यायची ऐपत होती. माझ्या शब्दाखातर पोरानं साधी घेतली.

पुण्याला नेऊन तिचा कॉम्प्युटर बदलून घेतला. टर्बो मोठा बसवला, सायलेन्सर बदलला, चाकं रुंद घातली. आणि खोटं कशाला बोलू, गाडी उडायची. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. मी बालाजीला म्हटलं, "सेलू रोडनं चल." केरबाच्या गॅरेजसमोरून तीनदा नेली. दोनदा त्यानं मान वर केली नाही. तिसऱ्यांदा रस्त्यात येऊन हात आडवा केला. बालाजीला उतरवलं, स्वतः बसला. दहा पावलं, थांबला. दहा पावलं, थांबला.

"ब्रेक जुनेच?"

बालाजी माझ्याकडं बघायला लागला.

"आणून सोडा उद्या. मागचे ड्रम काढून डिस्क टाकतो, पुढं वरच्या गाडीच्या डिस्क बसवतो. डिस्कला चिमटून धरणारे पॅड चांगले घालतो."

"आता कामून करायलास?" मी म्हटलं. "तुला तर हे शहाणपण वाटतंय ना?"

"तुमच्यासाठी न्हाई करत. रस्त्यानं लेकरं शाळेत जात्यात."

चार दिवस लावले. दुसरं काम हातात घेतलं नाही. गाडी देताना चारी चाकांच्या नटांवर खडूच्या रेघा ओढल्या आणि बालाजीला नाही, मला सांगितलं, "ह्या चार चाकाला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. धुवायची तर नुसत्या पाण्यानं."

माझ्याच गाडीला हात लावायला मी ह्याची परवानगी घेऊ? ते वाक्य मला दिवसभर टोचत होतं.

महिनाभर गाडी झकास चालली. मग पोळा आला. पोळ्याच्या दिवशी बालाजीनं गाडीला माळा घातल्या. मारुतीला फेरी झाली, नारळ फुटला. गावातल्या गर्दीत गाडी पावलापावलानं चालली होती, पुढं हलगी. नंतर तो म्हणाला, जरा रोडला फिरवून आणतो. कॅनॉलच्या अलीकडं वळण आहे तिथं गाडी थांबली नाही. ब्रेकवर पाय दिला तर म्हणे पायाखाली दगड झाला होता, पण गाडी काही ऐकेना. कॅनॉल चुकवायला त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी रानात घुसली. पावसाळ्याची काळी माती, दारापर्यंत रुतली, म्हणून वाचला. गळ्याचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा पोराला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. रानात ही गर्दी. केरबा त्याच्या लुनावर जॅक बांधून आला होता आणि चिखलात बसून पुढचं चाक काढत होता.

मी ओरडलो, "केरबा, माझ्या लेकराला मारायला बसला होतास का रं? ब्रेक कुणी केले? तूच केलेस ना? का मुद्दाम कच्चं ठेवलंस, भिंतीवर माझं नाव लिहायला?"

तो नट सोडवत राहिला. चाक काढलं, पॅड काढले, नाकाजवळ नेले. वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही. माझ्या हाताकडं.

मी हात धोतराच्या सोग्यात घेतले.

केरबा उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "पॅड घसरले. काम माझं हाय." पॅड खिशात घातले, चाक बसवलं आणि लुना ढकलत चिखलातून निघाला.

आता मधली एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर बालाजीला सांगितली नाही, त्याच्या आईला नाही.

माझ्या दावणीला आता बैल नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर शेवटची जोडी गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलपटतो, म्हणून त्या दिवशी तूप-हळद लावून खांदा मळायचा आणि त्याला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. साठ वर्षं मी हे केलं. त्या वर्षी दावण रिकामी होती आणि गोठ्यात बालाजीची गाडी उभी होती. घरी तयार केलेला माझा गोऱ्हा. मला वाटलं, हिचंबी मळावं. पण गाडीला खांदा कुठं? ओझं कशावर येतं? चाकावर. मग चाकच खांदा. वाटीत तूप घेतलं, हळद कालवली आणि बसलो. चाकाच्या जाळीतून बोटं घातली तर आतली चकती, केरबानं बसवलेली डिस्क, हाताला खसखशीत लागली. म्हटलं, कोरडी पडली बिचारी. जीव लावून मळली. एक नाही, चारी. केरबाच्या खडूच्या रेघा होत्या, त्याबी तुपात पुसल्या गेल्या. ते बघून मला बरं वाटलं, हेबी लिहितो.

त्यानं वास घेतला तेव्हाच मला कळलं. माझ्या नखांत हळद होती. कळल्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी आणखी मोठ्यानं ओरडलो. बाजारात सांगितलं, यष्टी स्टँडवर सांगितलं, ज्याच्या त्याच्याजवळ सांगितलं की केरबाचा हात आता गेला. जीपवाल्यांनी ऐकलं. आधी दोघं दुसऱ्या गॅरेजला गेले, मग सहा. शाळेची व्हॅन गेली. ज्या बाकावर बसायला जागा नसायची त्यावर कुत्रं झोपायला लागलं.

आणि त्यानं काय करावं? एक शब्द बोलला असता तर लोक मला हसले असते आणि त्याचं गॅरेज भरलं असतं. "म्हाताऱ्यानं तूप लावलं" एवढे तीन शब्द. बोलला नाही. पॅड मात्र भिंतीवर टांगले, पिवळे डाग असलेले. त्याच्याखाली काहीच लिहिलं नाही. सगळ्या वस्तूंखाली नावं, ह्याच्याखाली कोरी वीट. लोक विचारायचे, हे कुणाचं? तो म्हणायचा, "मालक कबूल व्हायचाय."

मला सांगा, ह्याला चांगुलपणा म्हणतात का? मी माफी मागितली नव्हती. मागितली नसताना कुणी माफ करत असेल तर तो आपल्याला खाली बसवतो आणि स्वतः बाकावर बसतो. तीन पोळे गेले. सेलू रोडनं जाताना मी मान दुसरीकडं करायचो आणि तरी मला ती कोरी वीट दिसायची. ह्या माणसाचा मला राग आहे तो ह्याचा. शिव्या दिल्या असत्या, कोर्टात ओढला असता, तर आज मी त्याच्या दहाव्याला दोन शब्द बोललो असतो.

बालाजीनं ती गाडी विकली आणि वरची आणली. मला न विचारता. दारात उभी असते. मी तीत बसत नाही. यष्टीनं जातो.

केरबा जायच्या पंधरा दिवस आधी मी गॅरेजात गेलो. कशाला गेलो ते विचारू नका, मलाच सांगता येणार नाही. दुपारचं ऊन होतं. बाक रिकामा. केरबा एका जीपच्या चाकाजवळ बसला होता. फार खराब झाला होता, मान अजून पुढं आलेली.

मला बघून म्हणाला, "बसा."

तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो नाही.

मी म्हटलं, "कामून बोलला न्हाईस लोकाला?"

"काय बोलू?"

"जे झालं ते."

"ते तुमचं हाय. माझं असतं तर बोललो असतो." त्यानं फडक्याला हात पुसले. "पहिल्या वर्षी वाटलं, दिवाळीपर्यंत येचाल. मंग वाटलं, पुढच्या पोळ्याला येचाल. लय वाट बघायला लावली, मुंजाजीराव."

"तू सांगायला पाहिजे होतंस की तूप चालत न्हाई."

"सांगितलं होतं ना, नुसतं पाणी."

मी भिंतीकडं पाठ फिरवली. आणि म्हटलं, "तरी गाडी घरी तयार केलेलीच चांगली होती. इंजन एक दिवस बिघडलं न्हाई."

केरबा हसला. त्याचे पुढचे दोन दात गेलेत हे मला तेव्हा दिसलं. कानावरचा खडू काढून त्यानं माझ्यापुढं धरला. "अक्षर तुमचं चालंल. चौथी लय झाली."

मी हात पुढं केला नाही.  त्यानं खडू बाकावर ठेवला आणि पाठीवर सरकत जीपखाली गेला. त्याचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले, एकात चप्पल, एक उघडा. टाचा भेगाळलेल्या, भेगांत ऑईल.

मी निघालो. दोन पावलं गेलो, मागं आलो, बाकावरचा खडू उचलला आणि बंडीच्या खिशात टाकला. आवाज न करता.

जीपखालून आवाज आला, "कशानं आलात?"

"यष्टीनं."

"बरं केलं. तिचा खांदा कुणी मळत न्हाई."

आता गॅरेजला कुलूप आहे. किल्ली त्याच्या पोराकडं आहे आणि पोरगा सुतक संपलं की भिंत रिकामी करतो म्हणतो. मी त्याला निरोप धाडलाय, माझ्याआधी भिंतीला हात लावू नको. खडू खिशात आहे. नाव लिहून येईन, गावासकट. केरबासाठी नाही. उगं कुणी म्हणायला नको की मुंजाजीला लिहिता येत नव्हतं.